संहिता आणि घडी : जनुकसंचाच्या त्रिमितीय दृश्यांकनाचे वाचन

१

रेण्वीय जीवशास्त्राची परिभाषा प्रथमच वाचणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला आपण आपल्याच घरात शिरल्याचा भास होतो. डीएनएवरून आरएनए तयार होण्याच्या क्रियेला तेथे प्रतिलेखन म्हणतात आणि आरएनएवरून प्रथिन घडण्याच्या क्रियेला भाषांतर. तेथे वाचनचौकट आहे, संपादन आहे, संदेशवाहक आहे, एवढेच काय ग्रंथालयही आहे. विसाव्या शतकाच्या पन्नाशी-साठीच्या दशकांत ही परिभाषा रूढ होत गेली आणि तिच्याबरोबर एक गृहीतही रूढ झाले. ते असे की, सजीवाची संहिता चार अक्षरांची आहे आणि ती एका अखंड ओळीत लिहिलेली आहे. शब्दाचे ध्वनिरूप काळाच्या एकाच रेषेत उलगडते, हे सोस्यूरने भाषिक चिन्हाविषयी सांगितलेले तत्त्व डीएनएच्या बाबतीत तर अगदी शुद्ध रूपात आढळावे, अशी ही कल्पना होती. परिच्छेद नाहीत, समास नाहीत, विरामचिन्हे नाहीत, केवळ ओळ.

या गृहीताला गेल्या दोन-अडीच दशकांत जो तडा गेला त्याचा, आणि त्या निमित्ताने जीवशास्त्रज्ञांनी घडविलेल्या एका विशिष्ट दृश्यसाधनाचा, परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे साधन म्हणजे जनुकसंचाच्या रचनेचे आंतरक्रियाशील त्रिमितीय दृश्यांकन. संगणकाच्या पडद्यावर गुणसूत्रांचा गुंता दिसतो. तो हाताने फिरवता येतो, जवळ आणता येतो, कापून आत डोकावता येते. साहित्याच्या अभ्यासकांनी यात लक्ष घालावे याचे कारण ही चित्रे देखणी असतात हे नव्हे. संहिता, पाठभेद, संपादन आणि वाचन यांविषयीचे आपले जुने प्रश्न येथे वेगळ्या सामग्रीवर पुन्हा उभे राहिले आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकल्यास त्याचा परिणाम रुग्णाच्या निदानावर होऊ शकतो.

२

प्रथम परिमाणांचा विचार करू. मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीत सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात. पानाला ३,००० अक्षरे धरली तर सुमारे दहा लाख पाने, म्हणजे पाचशे पानी दोन हजार खंड होतील. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती जवळपास प्रत्येक पेशीत असतात. त्यांचे सर्व धागे टोकाला टोक लावून ताणले तर लांबी दोन मीटरच्या आसपास भरते. हा धागा ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास मात्र साधारणपणे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. एवढ्या जागेत एवढा धागा नुसता कोंबून चालत नाही, कारण पेशीला त्यातील नेमकी ओळ नेमक्या वेळी वाचता आली पाहिजे.

धागा प्रथम हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळला जातो. एका रिळावर १४७ अक्षरे. या रिळांची माळ पुढे वळते, दुमडते, तिचे फास पडतात. शेवटी प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापला प्रदेश धरून बसते. या शेवटच्या गोष्टीचा इतिहास जुना आहे. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्येच तसे सुचविले होते आणि थिओडोर बोव्हेरी यांनी १९०९ मध्ये गुणसूत्रांच्या ‘प्रदेशां’ची कल्पना नावानिशी मांडली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केवळ गुंता दिसू लागल्यावर ही कल्पना मागे पडली. थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या बंधूंनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर लेसर किरणाने केंद्रकाच्या अगदी लहान भागाला इजा करून पाहिली. गुणसूत्रे शेवयांसारखी एकमेकांत मिसळलेली असती तर एका ठिकाणच्या इजेची खूण अनेक गुणसूत्रांवर उमटली असती. ती मोजक्याच गुणसूत्रांवर उमटली. विस्मृतीत गेलेला जुना पाठ नव्या पुराव्याने पुन्हा ग्राह्य ठरावा, तसा हा प्रकार होता.

प्रश्न असा की या घडीला काही अर्थ आहे काय, की ती केवळ सामान बांधण्याची सोय आहे? येथे आपल्या परिचयाचा एक दाखला उपयोगी पडेल. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा छापतात तेव्हा उलगडलेल्या कागदावर पाने क्रमाने नसतात. पहिल्या पानाशेजारी सोळावे येते. घडी घातल्यावरच वाचनाचा क्रम तयार होतो. जनुकसंचात याच्या उलट घडते, असे म्हणता येईल. तेथे अक्षरांचा क्रम सरळ आहे. घडी पडल्यावर मात्र दूरच्या ओळी शेजारी येतात, आणि त्या शेजारामुळे एखादे जनुक वाचले जाते किंवा मुके राहते. कारण जनुक कधी व किती वाचले जावे हे ठरविणारे खंड, ज्यांना एन्हान्सर म्हणतात, ते त्या जनुकाला लागूनच असतात असे नाही. ते लाखो अक्षरे दूर असू शकतात आणि अनेकदा प्रत्यक्ष जवळ येऊनच काम करतात.

हाताच्या बोटांची संख्या व क्रम ठरविण्यात सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. त्याला हातपायांच्या कळ्यांत जागे करणारा खंड सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्या खंडातील एखादे अक्षर बदलले तरी अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. अमेरिकेतील की वेस्ट येथील अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या घरातील जादा बोटांच्या मांजरी साहित्यप्रेमी पर्यटकांना ठाऊक असतात. त्यांच्या जादा बोटांचे मूळही याच दूरस्थ खंडातील एका अक्षराच्या पाठभेदात असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले. हेमिंग्वेवरील संशोधनात या गोष्टीची भर घालावयाची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

३

ही घडी दिसते कशी? खरे तर ती दिसत नाही. ती अनुमानाने काढावी लागते, आणि पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

पावसाळ्यात भिजलेल्या पोथीची पाने एकमेकांना चिकटतात आणि एका पानाची शाई समोरच्या पानावर उमटते. पुढे पाने सुटी झाली, विखुरली, तरी उलट्या उमटलेल्या अक्षरांवरून कोणते पान कोणत्या पानाला लागून होते हे जाणकार सांगू शकतो. योब डेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली थ्री-सी ही पद्धत आणि तिच्यातून २००९ मध्ये विकसित झालेली हाय-सी ही पद्धत याच तर्कावर उभी आहे. पेशी फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवितात; त्या क्षणी धाग्याचे जे भाग एकमेकांजवळ असतील ते तेथेच जखडले जातात. मग विशिष्ट एन्झाइमने धाग्याचे तुकडे करतात, जखडलेल्या तुकड्यांची टोके एकमेकांना जोडतात आणि या जोडतुकड्यांतील अक्षरे वाचतात. जोडतुकड्याचा अर्धा भाग संहितेत एका ठिकाणचा आणि अर्धा दुसऱ्या ठिकाणचा निघाला, की ती दोन ठिकाणे जवळ होती अशी एक नोंद झाली.

अशा कोट्यवधी नोंदींची एक चौरस सारणी बनते. तिच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना संपूर्ण संहिता असते आणि प्रत्येक चौकटीत त्या दोन ठिकाणांच्या भेटींची संख्या. रंगाने भरल्यावर ती सारणी नकाशासारखी वाचता येते. कर्णावर गडद पट्टा असतो, कारण शेजारची अक्षरे शेजारीच असणार. कर्णालगत चौरस दिसतात. ते आपापसांत अधिक भेटणाऱ्या भागांचे मोहल्ले होत, आणि २०१२ मध्ये एकाहून अधिक गटांनी त्यांचे वर्णन केले. काही चौरसांच्या कोपऱ्यात एक ठळक ठिपका असतो. तेथे धाग्याचा फास आहे. दूरवर पाहिले तर लुगड्याच्या चौकड्यांसारखी वीण दिसते. जागे असलेले भाग जाग्यांशी आणि निजलेले भाग निजलेल्यांशी सलगी करतात, असा तिचा अर्थ.

२००९ च्या नकाशात एका चौकटीत दहा लाख अक्षरे सामावलेली होती. २०१४ मध्ये सुमारे ४९० कोटी नोंदी जमवून हजार अक्षरांपर्यंत बारकावा आणला गेला आणि सुमारे दहा हजार फास मोजले गेले. येथे थोडे गणित करून पाहावे. हजार अक्षरांची एक चौकट धरली तर सारणीला ३१ लाख ओळी आणि तितकेच स्तंभ होतात. चौकटींची संख्या नऊ लाख कोटींच्या पुढे जाते. सारणी कर्णाभोवती सममित असल्याने त्यातील निम्म्या धराव्यात. तरीही ४९० कोटी नोंदी म्हणजे सरासरीने हजार चौकटींमागे एक नोंद, आणि त्यातील बहुतेक नोंदी कर्णाजवळ दाटलेल्या. दूरच्या भेटींविषयी आपण जे बोलतो ते बऱ्याच अंशी रिकाम्या जागांच्या शेजारी बसून बोलतो.

या टप्प्यावर एक लक्षणीय शोध लागला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. फासाच्या दोन टोकांना संहितेत एक विशिष्ट अक्षरसमूह आढळतो. त्यावर सीटीसीएफ नावाचे प्रथिन बसते. हा अक्षरसमूह उजवीकडे किंवा डावीकडे तोंड करून लिहिलेला असू शकतो, आणि बहुसंख्य फासांत दोन्ही टोकांवरील खुणा एकमेकींकडे तोंड करून असतात. २०१५-१६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार कोहेसिन नावाचे कड्यासारखे प्रथिन धागा ओढत फास वाढवीत जाते आणि समोरासमोरच्या या दोन खुणांपाशी थांबते. म्हणजे घडी कोठे पडावी याच्या सूचनाही ओळीतच लिहिलेल्या आहेत. फर्म्याच्या तळाशी बांधणाऱ्यासाठी छापलेल्या अंकांची आठवण येथे कोणालाही व्हावी. रेषेचा सिद्धान्त मोडून आपण अवकाशाकडे गेलो आणि अवकाशाने पुन्हा रेषेकडे बोट दाखविले.

या सारणीवरून त्रिमितीय प्रतिमा कशी काढतात? एस.टी.च्या भाड्याचा तक्ता आठवावा. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला किती भाडे, एवढेच त्यात असते. पण भाडे अंतरावर अवलंबून असल्याने चिकाटीचा मनुष्य केवळ त्या तक्त्यावरून महाराष्ट्राचा ओबडधोबड नकाशा काढू शकेल. जनुकसंचाच्या बाबतीत जास्त भेटी म्हणजे कमी अंतर असे धरतात आणि सर्व अंतरे शक्य तितकी पाळणारी आकृती संगणक शोधतो. यात दोन अडचणी आहेत. भेटींची संख्या अंतरात नेमकी कशी रूपांतरित करावयाची, याचे सूत्र प्रतिमा घडविणाऱ्याला निवडावे लागते. सूत्र बदलले की आकृती सैल किंवा घट्ट होते. दुसरी अडचण अधिक मुळाशी आहे. केवळ अंतरे ठाऊक असतील तर कोकण पूर्वेला आणि विदर्भ पश्चिमेला असा आरशातला महाराष्ट्रही तितकाच बरोबर ठरतो. त्रिमितीतही तसेच. पडद्यावरचे गुणसूत्र डावीकडे वळते की उजवीकडे, हे निव्वळ भेटींच्या सारणीवरून सांगता येत नाही. पडद्यावर मात्र ते कोणत्या तरी एकाच दिशेने वळलेले दिसते.

४

रेणूची प्रतिमा हाताने फिरविण्याची कल्पना संगणकाच्या बाल्यावस्थेतील आहे. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये धातूचे पत्रे व सळया जोडून प्रतिकृती उभी केली होती. ती भोवती फिरून पाहावी लागे. सायरस लेव्हिन्थॉल यांनी १९६६ च्या सुमारास एमआयटीमध्ये प्रथिनाची रेषाकृती पडद्यावर आणली आणि हाताने फिरविता येणारा एक गोल तिला जोडला. गोल फिरविला की प्रतिमा फिरे. सपाट पडद्यावरील रेषांचा गुंता थांबलेला असेपर्यंत सपाटच दिसतो. तो फिरू लागताच डोळा त्यात खोली पाहतो. या दृष्टिभ्रमाचे मानसशास्त्रीय वर्णन वॅलक आणि ओ’कॉनेल यांनी केले तेही १९५३ मध्येच. ‘आंतरक्रियाशील’ या विशेषणाचे येथे हे प्रयोजन आहे. हालचाल ही सजावट नसून आकलनाची अट आहे.

जनुकसंचासाठी अशी साधने २०१० नंतर झपाट्याने आली. त्या वर्षीच प्रसिद्ध झालेले जीनोमथ्रीडी हे त्यांतील आरंभीचे; वेगवेगळ्या पातळ्यांवरील माहिती एकाच त्रिमितीय प्रतिमेवर चढविण्याची सोय त्यात होती. ज्यूसबॉक्स आणि हायग्लास ही साधने प्रामुख्याने द्विमितीय सारणीची. संगणकावरील रस्त्यांच्या नकाशाप्रमाणे देशापासून गल्लीपर्यंत उतरता यावे म्हणून त्यांत निरनिराळ्या बारकाव्यांच्या सारण्या आधीच तयार ठेवलेल्या असतात. सी-सिंथ या साधनाचा मात्र थोडा अधिक विचार करावा. लंडनचे गोल्डस्मिथ्स आणि ऑक्सफर्ड येथील मंडळींनी ते घडविले आणि २०२१ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. घडविणाऱ्यांत विल्यम लॅथम हे चित्रशिल्पकार आणि संगणकतज्ज्ञ स्टीफन टॉड आहेत. या दोघांनी ऐंशीच्या दशकात संगणकाच्या साह्याने उत्क्रांत होणाऱ्या काल्पनिक शिल्पाकृती निर्माण केल्या होत्या. सी-सिंथमध्ये प्रतिमा तयार होऊन समोर येत नाही. ती समोर घडते. भेटी आणि अंतर यांच्यातील सूत्र बदलले की डोळ्यांदेखत धागा आक्रसतो किंवा सैलावतो. आधीच्या परिच्छेदात ज्या निवडीविषयी तक्रार केली ती निवड येथे प्रेक्षकाच्या हाती येते. माझ्या मते या साधनाचे खरे मोल यातच आहे, आभासी वास्तवाच्या चष्म्यात नव्हे. तो चष्मा घातला की गुणसूत्राच्या आत शिरल्याचा अनुभव येतो खरा, पण अनुभव आणि ज्ञान यांतील फरक साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

सामान्यतः अशा पडद्याचे दोन-तीन भाग असतात. एका बाजूला गुंता, दुसऱ्या बाजूला सारणी, खाली सरळ रेषेतील संहिता व तिच्यावरील टीपा. एकात बोट ठेवले की तोच भाग इतर ठिकाणीही उजळतो. चिकित्सित आवृत्तीच्या पानावर वर संहिता आणि खाली पाठभेदांची जंत्री असते, डोळा सतत वरखाली करीत असतो. तशीच ही रचना आहे. गुंत्याची मुख्य अडचण अशी की बाहेरचा धागा आतल्या धाग्याला झाकतो. म्हणून काही भाग पारदर्शक करतात, काही लपवितात, कधी सुरी फिरवून अर्धा गोळा काढून टाकतात. यातील प्रत्येक क्रिया संपादकाची आहे.

या साधनांच्या मागे असलेली निकड एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २००७ मध्ये असे आढळले की एफटीओ नावाच्या जनुकातील काही पाठभेद असलेल्या माणसांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक असते. साहजिकच पुढील काही वर्षे सर्वांचे लक्ष एफटीओवर राहिले. २०१४ मध्ये असे दाखविण्यात आले की, ज्या खंडात हे पाठभेद आहेत तो एफटीओच्या पोटात असला तरी सुमारे पाच लाख अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स-३ या जनुकाला जाऊन भेटतो. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे वजन २५ ते ३० टक्क्यांनी कमी भरले. पाठभेद एका अध्यायात आणि अर्थबदल दुसऱ्या अध्यायात! रेषेवर वाचणाऱ्याला ही दोन ठिकाणे एका दृष्टिक्षेपात कधीच दिसत नाहीत. हा शोध त्रिमितीय पडद्याने लावला असे मात्र नाही. तो भेटींच्या मोजणीने आणि प्राण्यांवरील प्रयोगांनी लागला. पडदा अशी शक्यता सुचवितो, सिद्ध करीत नाही.

बर्लिनमधील गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम अधिक हृद्य आहे. काही कुटुंबांत बोटे आखूड, जोडलेली किंवा जादा असण्याचे विकार होते आणि कोणतेही जनुक बिघडलेले सापडत नव्हते. दोन मोहल्ल्यांमधील सीमा पुसली गेली होती, किंवा एखादा खंड उलटा होऊन सीमेपलीकडे गेला होता. त्यामुळे एका जनुकासाठी असलेला एन्हान्सर शेजारच्या मोहल्ल्यातील जनुकाला जागे करीत होता. शब्द सगळे शाबूत, फक्त परिच्छेद मोडलेला. उंदरांत हेच फेरफार करून तोच परिणाम दाखविण्यात आला. अशा कुटुंबांना आपल्या मुलाच्या हाताचे कारण सांगता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडेही या प्रश्नावर काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने, हाय-सीच्या आधी, २००७ मध्ये पीएमएल आणि सॅटबी-१ या प्रथिनांमुळे प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांच्या प्रदेशात फासांची रचना कशी ठरते हे दाखविले होते.

तथापि घडी हाच अर्थ, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. २०१९ मध्ये फळमाशीच्या अशा गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांत संहिता अनेक ठिकाणी मोडून उलटसुलट जोडलेली आहे. मोहल्ले विस्कटले होते. पण बहुतेक जनुकांच्या कामात फरक पडला नव्हता. कोहेसिन काढून टाकले तर फास नाहीसे होतात, तरीही थोड्या काळात थोड्याच जनुकांवर मोठा परिणाम दिसतो, असेही २०१७ मध्ये आढळले. काही वाक्यांना संदर्भ प्राणभूत असतो, काहींना नसतो; येथेही तसेच दिसते.

५

आता ज्या प्रश्नाकरिता हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. हाय-सीची सारणी एका पेशीची नसते. ती सहसा लाखो पेशींच्या नोंदी एकत्र करून बनते. तिच्यावरून काढलेली प्रतिमा त्या सर्व पेशींची सरासरी असते, आणि सरासरी आकृती कोणत्याही एका पेशीत असेलच असे नाही. दहा माणसांचे फोटो एकावर एक छापले तर जो चेहरा उमटतो तो कोणाचाच नसतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले व ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुखटणकरांनी ज्या पद्धतीने संहिता निश्चित केली तिच्यावर आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की, अशी संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात नाही. ती कोणी कधी म्हटली नाही, ऐकली नाही. समर्थकांचे उत्तर असे की ही संहिता म्हणजे उपलब्ध पुराव्याच्या आधारे पोहोचता येईल तेवढे प्राचीन रूप होय, आणि तळटीपांत सर्व पाठ दिलेले असल्याने वाचकाला हवे तर संपादकाशी भांडता येते. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. जीवशास्त्रात तो जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा उभा राहिला, एवढेच दाखवावयाचे आहे. भेद मात्र ध्यानात ठेवावा. महाभारताच्या संपादकाला प्रतींमागे एक पूर्वज प्रत होती असे मानण्यास आधार होता. पेशींच्या आकृतींमागे अशी कोणतीही मूळ आकृती नाही. तेथे फक्त प्रती आहेत.

या अडचणीची जाणीव शास्त्रज्ञांना आहे. २०१३ पासून एकेका पेशीचे हाय-सी होऊ लागले आणि २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने उंदराच्या एकेका पेशीतील संपूर्ण जनुकसंचाच्या त्रिमितीय आकृती प्रसिद्ध केल्या. गुणसूत्रांची एकच प्रत असलेल्या पेशी त्यासाठी निवडल्या होत्या, कारण दोन प्रती असल्या की कोणती नोंद कोणत्या प्रतीची हे कळेनासे होते. एका पेशीची आकृती दुसरीशी तपशिलात जुळत नव्हती, पण मोठी वैशिष्ट्ये टिकून होती. २०१८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याचे भाग क्रमाक्रमाने रंगवून पाहिले तेव्हा असे दिसले की मोहल्ल्यांसारखे पुंजके प्रत्येक पेशीत असतात. त्यांच्या सीमा मात्र पेशीगणिक सरकतात. सारणीत ठळक दिसणारी सीमा म्हणजे सरकत्या सीमांचा सर्वाधिक पसंतीचा थांबा. २०२२ मध्ये उंदराच्या जिवंत पेशींत एका विशिष्ट फासाच्या हालचालींचे चित्रण झाले. तो फास पूर्णपणे बांधलेल्या स्थितीत एकूण वेळेच्या अवघ्या तीन ते सहा टक्के सापडला, तोही एका वेळी काही मिनिटांपुरता.

पडद्यावर हाच फास जाड, चकचकीत, स्थिर नळीसारखा काढलेला असतो. जो शंभरातून पाच वेळा उच्चारला गेला तो पाठ जणू प्रत्येक वाचनात होताच, असे ते चित्र सांगते. माझा आक्षेप चित्राला नाही, त्याच्या स्वराला आहे. चिकित्सित आवृत्तीत शंकास्पद पाठाखाली नागमोडी रेघ असते. महाभारताच्या आवृत्तीत अशा रेघा पानोपानी आढळतात आणि वाचकाला आपण कोठे ठाम जमिनीवर आहोत, कोठे नाही, हे कळते. जनुकसंचाच्या पडद्यावर नागमोडी रेघेची जागा अद्याप पुरेशी रूढ झालेली नाही. एका आकृतीऐवजी शेकडो संभाव्य आकृतींचा पुंज दाखविणे, अनिश्चित भाग धूसर करणे, नळीची जाडी खात्रीच्या प्रमाणात ठेवणे, हे उपाय सुचविले गेले आहेत आणि काही ठिकाणी वापरलेही जातात. पण धूसर चित्र मुखपृष्ठावर शोभत नाही, हेही एक कारण असावे.

आपल्या परंपरेतील चित्रबंधांशी या प्रतिमांची तुलना करण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला होईल, मलाही झाला. पद्मबंधात मधल्या कर्णिकेतील एकच अक्षर प्रत्येक पाकळी वाचताना पुन्हा वाचावे लागते. श्लोक रेषेत आहे आणि अवकाशातही आहे. तुलना येथपर्यंत ठीक. पण बंधात कवीने एक आकृती योजलेली असते व वाचक ती शोधतो. पेशीत योजलेली आकृती नाही. आहे ती चंचल गर्दी, आणि आकृती ही वाचकाने केलेली बेरीज आहे. जोसेफ फ्रँक यांनी १९४५ मध्ये आधुनिक कादंबरीतील ‘अवकाशीय रूपा’ची चर्चा केली, तेव्हा तेही वाचकाच्या मनात घडणारे रूप होते. तुलनेसाठी तो धागा पद्मबंधापेक्षा मला अधिक उपयोगी वाटतो.

६

एक तपशील राहिला. गुणसूत्राच्या मध्यभागाजवळ आणि इतर काही ठिकाणी एकच अक्षरसमूह हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो. जोडतुकड्यातील अर्धा भाग अशा पुनरावृत्तीतील निघाला तर तो नेमका कोठला हे ठरविता येत नाही आणि ती नोंद टाकून द्यावी लागते. मानवी संहितेतील असे कित्येक प्रदेश २०२२ पर्यंत वाचलेच गेले नव्हते. त्या वर्षी दोन्ही टोकांपर्यंत सलग संहिता प्रथमच प्रसिद्ध झाली. वाचले गेल्यावरही आखूड तुकड्यांच्या पद्धतीने त्यांची जागा ठरविणे अवघडच राहते. सारणीत हे प्रदेश पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात. त्रिमितीय आकृतीत मात्र धागा तुटलेला दाखविता येत नाही, म्हणून बरीच साधने अलीकडच्या बिंदूपासून पलीकडच्या बिंदूपर्यंत एक गुळगुळीत वळण काढून मोकळी होतात. वाळवीने खाल्लेल्या ओळीच्या जागी संपादकाने स्वतःची ओळ लिहावी आणि कंस घालू नये, तसे हे आहे. सारणी व आकृती शेजारी ठेवणाऱ्या साधनांत हा दोष निदान पकडता येतो. पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवावे आणि आकृतीत काय उजळते ते पाहावे. नुसती आकृती दाखविणाऱ्या साधनांत तीही सोय नसते, आणि शोधनिबंधात छापलेली आकृती तर फिरविताही येत नाही.